वाऱ्याचा रेडिएटर

इंदापूरला सोलापूर रस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याचं दुकान आणि दुकानाच्या पाठीला लागूनच घर. मधे एक भिंत होती, पण ती नावाला. दुकानातली हातोडी थांबली की आतून आई विचारायची, चहा टाकू का. आणि भाकरी थापायचा आवाज थांबला की दादा हातातला पाना खाली ठेवायचे. दादा म्हणजे माझे वडील. त्यांना नावानं हाक मारणारं माणूस मला आठवत नाही. लहानथोर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, आणि चारचौघांत आईसुद्धा "मिस्त्रींना विचारून सांगते" असंच म्हणायची. ट्रकचे, ट्रॅक्टरचे, दुधाच्या टँकरचे रेडिएटर गळायला लागले की ते आमच्याकडे यायचे. गळकी नळी शोधायची, पितळ घासून लख्ख करायचं, तेजाब लावायचं आणि कथील वितळवून भोक बुजवायचं, हे आमचं काम. त्या तेजाबाचा जळका वास आमच्या घरातल्या प्रत्येक चादरीला होता. मी बारामतीला कॉलेजात जायची तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या बायका नाक मुरडून विचारायच्या, काय जळतंय गं? मी म्हणायची, काही नाही, आमच्या घराचाच वास आहे. त्या वेळी लाज वाटायची. आता कुठल्या गॅरेजवरून जाताना तो वास आला तर मी मुद्दाम दोन मिनिटं उभी राहते आणि माझी नातवंडं मला ओढत पुढं नेतात.

दादांची एक रीत होती. काम पुरं झालं की रेडिएटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ते कथलाचे तीन टिपके टाकायचे, ज्वारीच्या दाण्याएवढे, एका ओळीत. ती त्यांची खूण. आणि ती खूण गाडी दुकानातून बाहेर पडायच्या आधी टाकायची, फिरून आल्यावर नाही. "भरवसा नसंल तर गाडी सोडूच नये," ते म्हणायचे, "रस्त्यानं पास केल्यावर कुणीबी सही करंल." आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर दादांचं नाव शाळेत घातलं. दादा सातवीपर्यंत शिकले, अक्षरही बरं होतं. मग नाव लिहायचं सोडून टिपके कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते पितळ घासत होते, मान वर न करता म्हणाले, "नावामागं आडनाव येतं. लोक आधी आडनाव बघत्यात, मग काम. टिपक्याला आडनाव न्हाय." सोलापूरपासून पुण्यापर्यंतचे ड्रायव्हर बॉनेट उघडून ते तीन टिपके एकमेकांना दाखवायचे. आमच्या घराची अब्रू त्या तीन टिपक्यांत होती असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

पण ज्या दिवसांबद्दल मी लिहिते आहे, तेव्हा ते टिपके दादा टाकत नव्हते. मी टाकत होते. दादांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, आणि उरलेली तरी किती, तर दार उघडं आहे की बंद एवढं कळण्यापुरती. ही गोष्ट आम्हा तिघांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. आंधळ्या माणसाकडे रेडिएटर कोण टाकणार? म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती. दुकानात सिमेंटची पाण्याची टाकी होती. रेडिएटरची तोंडं बुचानं बंद करायची, एका तोंडातून पंपानं हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील तिथं भोक. दादा टाकीवर वाकून बसायचे आणि मी शेजारी पाना घेऊन उभी राहायची. बुडबुडा दिसला की टाकीच्या काठावर टक् करून एकदा वाजवायचं. डावीकडे असेल तर दोनदा. दादा लगेच तिकडं बोट करून म्हणायचे, "ही बघा, हितली नळी गेलीया." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. पुढं डाग लावायला म्हणून रेडिएटर आतल्या पडवीत न्यायचा आणि तिथं सगळं मी करायची. बी.कॉम. झालेली सव्वीस वर्षांची मुलगी, बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरत होते आणि हात मात्र कोपरापर्यंत काळे.

आईला याची दुहेरी काळजी होती. ती अंगणवाडीत होती, चार घरं हिंडायची, आणि स्थळं आणायची. उजनीच्या पाण्यातली चिलापी स्वस्त मिळायची. ती लाल तिखटात घोळवून तव्यावर टाकली की तिचा वास तेजाबाच्या वासावर मात करायचा, आणि तेवढ्यात आई विषय काढायची. म्हणायची, पाहुणे विचारतात मुलगी काय करते, मी काय सांगू, कथील वितळवते? दादा काटे चाचपत चाचपत मासा खायचे आणि म्हणायचे, सांग की, खोटं कशाला बोलायचं. आई म्हणायची, खोटं तर तुम्हीच बोलताय, अख्ख्या रस्त्याशी. मग ती उठून तवा घासायला घ्यायची. खरं तर त्या घरात मला सगळ्यात जास्त काय सलत असेल तर ते हेच होतं. काम माझं होतं आणि मी कुठंच नव्हते.

अशा त्या उन्हाळ्यात कळसचे भगवानतात्या आपली टर्बो गाडी घेऊन आले. तात्या डाळिंबाचे बागायतदार, पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि गाडीही पांढरी, लांबुडकी, डिझेलवर चालणारी. तिच्या शेपटीकडे इंग्रजीत टर्बो असं लिहिलेलं होतं आणि ती अक्षरं तात्या उपरण्यानं रोज पुसायचे. दुःख एवढंच की आठ माणसं बसवून, एसी लावून दिवे घाट चढायला लागली की गाडीला दम लागायचा. मागच्याच आठवड्यात कांद्याचा एक ट्रक मागून येऊन त्यांच्या पुढं निघून गेला होता आणि ते गाडीतल्या व्याह्यांनी पाहिलं होतं. तात्यांचा एक पुतण्या इंजिनियरिंगला होता, त्यानं सांगितलं, इंटरकूलर बसवा. तात्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीचा इंटरकूलर आणला आणि बारामतीतल्या तीन गॅरेजवाल्यांना दाखवला. तिघांनीही बंपर कापायला नकार दिला. चौथा म्हणाला, हे तर रेडिएटरच्या जातीचं दिसतंय, इंदापूरच्या मिस्त्रींकडे जा.

दादांनी तो इंटरकूलर मांडीवर घेतला आणि सगळीकडून बोटं फिरवली. मग विचारलं, ह्यात पाणी कुठनं घालायचं? तात्या म्हणाले, पाणी न्हाईच, ह्यातनं हवा जाती. पुतण्यानं जे सांगितलं होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. पण हवा कोंबली की तापते, तापली की विरळ होते, आणि विरळ हवेनं इंजिनाचं पोट भरत नाही. म्हणून मधल्या वाटेवर तिला गार करायची. दादा हसले. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, ते त्यांनी हजार वेळा हातानं पाहिलं होतं. "म्हंजी हा वाऱ्याचा रेडिएटर," ते म्हणाले आणि काम घेतलं. तात्या गेल्यावर मला म्हणाले, "हे काम पहिल्यापासनं तुझं. मला ह्यातलं काय येत न्हाय, तुलाबी येत न्हाय, म्हंजी दोघं बरोबरीत. खूणबी तुझीच टाक." मी बघू म्हणाले. भीतीही वाटत होती आणि आनंदही.

तीन दिवस आम्ही त्या गाडीशी झटत होतो. पुढची जाळी काढली, हॉर्न बाजूला सरकवले, बंपरच्या मागची पट्टी कापली. दादा बॉनेटखाली हात घालून उभे राहायचे आणि म्हणायचे, पुढचा वारा आधी ह्याला लागंल, मग इंजिनाच्या रेडिएटरला; तवा दोन्हीत दोन बोटांची फट ठेव, न्हायतर हा थंड व्हायचा आणि तो उकळायचा. ते दोन बोटं स्वतः घालून फट मोजायचे. बाजूनं वारा निसटू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. आता टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत नळ्या हव्या होत्या. तात्यांच्या शेडमध्ये तुषार सिंचनाचे ॲल्युमिनियमचे जुने पाइप पडले होते. ते मापाचे निघाले. वळणांना ट्रकच्या रेडिएटरचे रबरी होज वापरले, वर क्लिपा आवळल्या. इंटरकूलरच्या दोन तोंडांना मात्र कडेनं बाहेर आलेला बारीक काठ होता आणि त्यावरून होज चढता चढेना. हा काठ म्हणजे कारखान्यानं उगीच केलेली नक्षी, असं मी ठरवून टाकलं आणि कानस घेऊन तो घासायलाही निघाले होते. होज साबणाच्या पाण्यात भिजवला तेव्हा चढला, म्हणून कानस खाली ठेवली. ही माझी हुशारी मी अजून कुणाकुणाला सांगत असते, कारण माणसानं स्वतःचा गाढवपणा स्वतःच सांगावा, दुसऱ्यानं सांगितला की जास्त लागतो.

इंटरकूलर नळ्यांसकट काढून टाकीत बुडवून पाहिला, एक बुडबुडा नाही. राहिली खूण. मी सवयीनं कथील तापवलं आणि कोपऱ्यात टिपका सोडला. तो पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तांब्यापितळेला चिकटणारं कथील ॲल्युमिनियमला काही केल्या चिकटत नव्हतं. दादा म्हणाले, हा आपला धातू न्हाय, ठोकून खूण कर. मी टोच्या आणि हातोडी घेतली. माझी स्वतःची खूण काय असावी याचा मी तीन दिवस विचार केला होता. पण हातोडी उचलली आणि डोक्यात आलं, हे काम फसलं तर? आणि मी मुकाट्यानं एका ओळीत तीन टिपके ठोकले. दादांनी विचारलं, केलीस? मी म्हणाले, केली. कुठली, ते त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे घाटात चढवून बघायला गाडी बाहेर काढली. तात्या चालवत होते, दादा त्यांच्या शेजारी, मी मागं. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा बांधून दिला होता. बारामती सोडेपर्यंत गाडी अशी पळत होती की तात्या दर दोन मैलांनी दादांच्या गुडघ्यावर थाप मारत होते. मोरगाव जवळ आलं आणि तात्यांनी एका चढावर पाय दाबून धरला. टायर फुटल्यासारखा मोठा आवाज झाला, गाडी गचके खात मंदावली आणि मागं काळ्या धुराचा लोट उठला. रस्त्याकडेची शेरडं बाजरीच्या रानात पळाली. गाडी कशीबशी एसटी थांब्यापाशी आणून उभी केली आणि बघ्यांची गर्दी जमली. बॉनेट उघडलं तर ॲल्युमिनियमच्या पाइपावरून होज सुटून लोंबत होता, क्लिपेसकट. पाणी पाइपात वाहतं. हवा ढकलते, आणि तिच्याबरोबर टर्बोचं थोडं तेलही येऊन पाइप आतून बाहेरून बुळबुळीत होतो. आम्ही जन्मभर पाण्याची कामं केलेली माणसं. गळत नाही ना, एवढंच पाहिलं होतं. सुटेल का, हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

तात्या रागावलेही नाहीत, ते फार वाईट. ते वाकून कोपऱ्यातले तीन टिपके बघत राहिले. म्हणाले, "मिस्त्री, ही खूण बघून म्या गाडी बाहेर काढली. तुमच्या हातनं असं कसं झालं?"

 दादा म्हणाले, सुजाता, माझा हात धर. मी त्यांचा हात धरून इंटरकूलरच्या कोपऱ्यावर नेला. त्यांचा अंगठा टिपक्यांवरून गेला, एक, दोन, तीन. परत गेला. मला वाटलं, आता हे काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. त्यांनी तसं केलं असतं तर आमचं गुपित राहिलं असतं. जुन्या मिस्त्रीकडून एखादं काम बिघडलं, इतकंच लोक म्हणाले असते. दादा सरळ उभे राहिले आणि त्या सगळ्या बघ्यांदेखत बोलले.

"तात्या, मला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली. तुमचा मुखडाबी मला दिसत न्हाय. ह्या दोन वर्सांत तुमच्या गावचे जेवढे रेडिएटर आमच्याकडनं गेलं, ते समदे हिनं केल्यात. एकबी परत आला न्हाय. आज हे फसलं, ते तिचंच. पण आधीचे दोनशे बरे झाले तेबी तिचेच."

मग माझ्याकडं, म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडं, वळून हळू म्हणाले, "माझ्या खुणंमागं का लपलीस?"

कुणी माझ्या कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. आज मी स्वतः आजी झाले आहे, आणि अजूनही कधी एखादं काम अर्धवट करून दुसऱ्याच्या नावावर ढकलावंसं वाटलं की तो प्रश्न ऐकू येतो. मी रडले नाही.  मग तात्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "मग बाई, आता काय करायचं?"

मला ठाऊक नव्हतं. पण बघ्यांतला एक दूधवाला मोटारसायकल सुरू करत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकत होत्या, चाळीस चाळीस लिटरच्या, भरलेल्या. त्या कशा बांधल्या होत्या? किटलीच्या मानेला दोरी होती, आणि मानेच्या वर काठ होता. एवढं वजन, एवढे खड्डे, पण दोरी काठाखाली अडकून बसलेली, घसरायला जागाच नाही. मला इंटरकूलरची ती दोन तोंडं आठवली. होज सुटला होता तो पाइपाच्या टोकावरून. इंटरकूलरच्या काठावरचा होज जागचा हलला नव्हता. कारखान्यानं नक्षी काढली नव्हती. मी तात्यांना म्हणाले, पाइपाला काठ पाहिजे. त्या दूधवाल्याला विचारलं, किटलीचा काठ चेपला तर तुम्ही कुठं नेता? तो म्हणाला, वडगाव निंबाळकरला रज्जाकचाचा हायत, डेअरीजवळ.

होज परत आवळून, पायाखाली अंडं असल्यासारखं पेडल दाबत तात्यांनी गाडी आडरस्त्यानं वडगावला नेली. रज्जाकचाचा पूर्वी भांड्यांना कल्हई करायचे. पितळ मागं पडलं तसे ते ॲल्युमिनियमच्या किटल्यांकडे वळले. त्यांनी पाइप पाहिला आणि म्हणाले, काठ निघेल, पण कच्चा, न तापवता ठोकलास तर फुटेल. मला खरं वाटलं नाही. मी हातोडी घेऊन कड ठोकायला लागले आणि चार ठोक्यांत पाइपाला चीर गेली.  चाचांनी तेवढा तुकडा करवतीनं कापून बाजूला टाकला आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी माझ्या हातात दिली.

ती विद्या मी त्या दिवशी शिकले. लोखंड तापलं की लाल होतं, पितळही रंग दाखवतं. ॲल्युमिनियम काहीच दाखवत नाही. तसंच पांढरं राहतं आणि एकदम पाणी होऊन गळतं. म्हणून टोकाला साबण चोळायचा आणि बाहेरून ज्योत फिरवायची. साबण आधी पिवळा पडतो, मग तांबूस, मग काळा. काळा झाला की ज्योत काढून घ्यायची, एक क्षणही जास्त नाही. थंड झाल्यावर तोच पाइप शिशासारखा मऊ होतो. मग लोखंडी दांड्यावर तो अडकवून, फिरवत फिरवत, गोल तोंडाच्या हातोडीनं आतून कड बाहेर काढायची. चाचांनी एक टोक करून दाखवलं आणि उरलेली तीन मला करायला लावली. दादा माझ्या शेजारी जमिनीवर बसून होते. ठोक्यांचा आवाज ऐकून सांगत होते, आता कडक झाला, पुन्हा तापव. आणि ते बरोबर असायचं. चाचा त्यांच्याकडं बघत म्हणाले, "मिस्त्री, आपको कान से दिखता है क्या?" दादा म्हणाले, "आता तेवढंच हाय."

चारही टोकांना ज्वारीच्या दाण्याएवढा काठ उभा राहिला. पेट्रोलनं तेल पुसलं, होज चढवले, काठाच्या मागं क्लिपा आवळल्या. मी होजला लोंबकळून पाहिलं, माझ्या सगळ्या वजनानं, हलला नाही. दादांनी विचारलं, भरवसा हाय? मी हो म्हणाले. "मग आधी माझी खूण काढ." मी कानस घेतली आणि दादांचे तीन टिपके घासून काढले. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम कुठलं, असं कुणी विचारलं तर ते काठ ठोकणं नव्हे, हे होतं. मग त्या लख्ख जागेवर छिन्नी ठेवून एक उभी रेघ मारली. एकच. रस्त्याआधी.

तात्यांची हौस आता पुरती पेटली होती. म्हणाले, रिकामी गाडी काय कुणीबी चढवंल. डेअरीतून त्यांनी सहा किटल्या मागून आणल्या, पाण्यानं काठोकाठ भरल्या आणि मागच्या जागेत रचल्या. चाचा म्हणाले माझं काम कसं झालंय ते मी बघणार, आणि तेही बसले. नीरा, जेजुरी, सासवड करत आम्ही दिवे घाट उतरून खाली गेलो, तिथं झाडाखाली बसून आईची भाकरी चौघांनी वाटून खाल्ली. चाचांनी चटणी दोनदा मागून घेतली. चारच्या उन्हात गाडी वळवली. तात्यांनी एसी लावला.

घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं. मी मागून काट्याकडं बघत होते. इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर येऊन थांबला आणि तिथंच राहिला. दोन बोटांची फट कामाला आली होती. टर्बोची शीळ चढत चालली होती. दादा डोकं एका बाजूला कलतं करून ऐकत होते, आणि त्यांचा हात मागं येऊन माझ्या गुडघ्यावर होता. तिसऱ्या वळणाच्या पुढं कांद्याचा एक ट्रक रडत रडत चढत होता. मागच्या आठवड्यातला तोच होता असं मी म्हणत नाही, पण तात्या मरेपर्यंत तोच होता असं सांगत. तात्यांनी पाय दाबला. मी डोळे मिटले आणि आवाजाची वाट पाहिली. आवाज आला तो हॉर्नचा, दोनदा, लांबलचक. डोळे उघडले तेव्हा ट्रक मागं होता.

वर सपाटीला गाडी थांबवली. मी बॉनेट उघडलं. टर्बोकडून येणारा पाइप असा तापला होता की बोट टेकवत नव्हतं. इंटरकूलरमधून बाहेर पडून इंजिनाकडं जाणारा पाइप नुसता कोमट होता. मी दादांचा हात धरून आधी पहिल्याच्या जवळ नेला, मग दुसऱ्यावर ठेवला. त्यांनी तो तिथंच ठेवला, बराच वेळ. मग हात खाली सरकवला, कोपरा शोधला आणि अंगठ्यानं ती उभी रेघ चाचपली.  तात्या मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना थांबवून थांबवून तो कोमट पाइप हातानं बघायला लावत होते. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की तो लपवायचा कसा हे कळेना, आणि आता वाटतं, लपवायचा कशाला होता?

मोरगावच्या थांब्यावर दादा जे बोलले ते आमच्या आधीच इंदापूरला पोचलं होतं. आई दारात उभी होती. आम्हाला बघून म्हणाली, सुटले बाई एकदाची त्या खोट्यातून. पुढचे चार दिवस दुकानात कुणीच आलं नाही. टाकीतलं पाणी तसंच राहिलं, कडेनं शेवाळ धरायला लागलं. दादा रोज दारात खुर्ची टाकून बसत आणि ट्रकांचे आवाज ऐकत. मी आत एकच रेडिएटर पुन्हा पुन्हा घासत होते. बँकेचा फॉर्मही काढून ठेवला होता.

पाचव्या दिवशी दुपारी एक टँकर येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, अकलूजकडचा, अनोळखी. कळसच्या तात्यांनी पाठवलंय म्हणाला. खुर्चीवरच्या दादांना हात जोडून म्हणाला, "राम राम मिस्त्री."

दादा खुर्चीवरून उठले. तीस वर्षं त्यांनी त्या हाकेला ओ दिली होती.

"मी मिस्त्रीचा बाप," ते म्हणाले. "मिस्त्री आत हायत. बसा, बोलावतो."